खाटेचं खरं गिऱ्हाईक

आमच्या सासऱ्यांना, हंबीररावांना, सगळं गडमुडशिंगी आबा म्हणतं. फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त होऊन त्यांना बावीस वर्षं झाली, तरी ते पहाटे पाचला घोटून दाढी करतात आणि सहा वाजता घरातल्या प्रत्येकानं निदान तोंड तरी धुतलेलं असावं अशी अपेक्षा धरतात. त्यांच्याकडं साधा बटणांचा फोन आहे. त्यात सात नंबर साठवलेले आहेत आणि ते सातही त्यांना तोंडपाठ आहेत. अशा माणसानं मोबाइलवरच्या जाहिरातींतली लबाड गिऱ्हाइकं पकडण्यात पंचक्रोशीत नाव काढावं, याचं मला अजून नवल वाटतं. आणि खरं सांगायचं तर मला त्यांचा भयंकर अभिमान वाटतो.

मी अस्मिता, त्यांची सून. शाळेत शिकवते, त्यामुळे जगाला अक्कल शिकवायची खोड मलाही आहे. म्हणून आधी माझी फजिती सांगते. म्हणजे सून सासऱ्याची टिमकी वाजवतेय, असं कुणी म्हणायला नको.

अडीच वर्षांपूर्वी आम्ही नवा फ्रिज घेतला आणि जुना विकायला मी मोबाइलवर जाहिरात टाकली. आतली कोथिंबीर आणि अर्धा कापलेला कांदा बाजूला करून फोटो काढले. किंमत सात हजार लिहिली, मनात पाच होते. दहाव्या मिनिटाला फोन आला. "मॅडम, मी आर्मीत आहे. कोल्हापूरला बदली झालीय. फ्रिज पसंत आहे, सात हजार देतो. ड्युटी सोडून येता येत नाही, पण माणूस पाठवतो. पैसे आत्ताच ऑनलाइन टाकतो." लगेच त्यानं आपल्या मिलिटरी कार्डाचा फोटो पाठवला. वर्दी, शिक्का, सही, सगळं जागच्या जागी.

ते कार्ड बघितलं आणि मी विरघळले. आमच्या भिंतीवर आबांचा तसाच वर्दीतला फोटो आहे. दुसऱ्या कुठल्या गावात बाईनं चार प्रश्न विचारले असते. आमच्याकडं घराआड एक जवान. फौजी म्हटलं की आम्ही आधी दार उघडतो, चहाला आधण ठेवतो आणि मग काय काम आहे ते विचारतो. त्या माणसानं आधी दहा रुपये पाठवले. "आले का?" म्हणाला. आले. मग एक चौकोनी कोड पाठवला आणि म्हणाला, हा स्कॅन करून तुमचा पिन टाका, सात हजार जमा होतील. मी टाकला. सात हजार जमा व्हायच्याऐवजी गेले. तो म्हणाला, सॉरी मॅडम, सिस्टिमची चूक आहे, परत एकदा स्कॅन करा, दोन्ही मिळून येतील. मी परत केलं. बी.एड. झालेली बाई!

हेल्पलाइनला फोन केला, तक्रार नोंदवली, पण पैसे तोवर चार खाती ओलांडून पुढं गेले होते. माझा नवरा शार्दूल म्हणाला, जाऊ दे. सासूबाई, ज्यांना आम्ही आक्का म्हणतो, म्हणाल्या, "फ्रिज तरी ऱ्हायला की!" आबा एवढंच म्हणाले, की ते कार्ड दाखव. चष्मा लावून त्यांनी माझ्या मोबाइलमधला तो फोटो बराच वेळ बघितला. त्या रात्री ते जेवले नाहीत.

सकाळी मला म्हणाले, "पोरी, पैशाचं मला काय वाटत न्हाय. पर त्यानं माझी वर्दी घालून चोरी केली." थोड्या वेळानं परत म्हणाले, "आणि खरा जवान कार्ड असं वाटत सुटतोय व्हय? कार्ड म्हणजे काय लग्नाची पत्रिका हाय? गेटवर दाखवायचं आणि खिशात घालायचं. फौजीच्या घरात ऱ्हाऊन एवढं बी कळंना?" मला तेव्हा त्यांचा रागच आला होता. पण त्यांचं बरोबर होतं आणि ते मला आतून माहीत होतं.

त्या दिवसापासून आबांनी कामगिरी हातात घेतली. गावातल्या दूध संस्थेसमोर एक कट्टा आहे. सकाळ-संध्याकाळ दूध घालायला सगळं गाव तिथं येतं. आबांनी जाहीर करून टाकलं, की ज्याला काही विकायचं असेल त्यानं जाहिरात खुशाल टाकावी, पण गिऱ्हाइकाचा फोन आला की कट्ट्यावर आणून स्पीकरवर लावायचा. पुढचं ते बघतील.

त्यांची पद्धत मोबाइलची नव्हतीच, ती जनावरांच्या बाजारातली होती. आपल्याकडं म्हैस घ्यायला आलेला माणूस पहिला अर्धा तास तिला नावं ठेवतो. शिंग वाकडं, कास लहान, चाल बिघडलेली, आणि एवढा भाव तर सोन्याच्या म्हशीला पण कुणी देत नाही. एवढी निंदा करून झाली की तीच म्हैस घेऊन जातो. आबांचं म्हणणं, ज्यानं नाव ठेवलं नाही त्याला म्हैस नकोच आहे, त्याला दुसरंच काहीतरी हवं आहे. "वस्तूचं काय इचारत न्हाय आणि पैशाचंच बोलतोय, त्यो गिऱ्हाईक न्हवं. भाव न पाडता घेणारा माणूस कोल्हापुरात अजून जन्माला यायचाय."

बयाबाईंनी आपली घरघंटी विकायला काढली होती. एका पठ्ठ्याचा फोन आला. मी विमानतळावर सुरक्षेला आहे, म्हणाला, जागा सोडता येत नाही, पैसे ऑनलाइन देतो. आबांनी शांतपणे विचारलं, "कुठल्या विमानतळावर?" तो म्हणाला, कोल्हापूर. आता आमच्या गावातून विमानतळाची भिंत दिसते. "मग सायकलवर दहा मिन्टं लागत्यात की पावणं," आबा म्हणाले. "तुमाला सुटी न्हाय तर आमीच घरघंटी घिऊन गेटवर येतो. बयाबाई, उठा, चला!" फोन बंद झाला. बयाबाई खरोखर पदर खोचून उठल्या होत्या. त्यांना खाली बसवायला वेळ लागला.

आमच्या शेजारच्या आकारामची मोटारसायकलही अशीच वाचली. घेणारा सांगेल ती किंमत द्यायला तयार होता. आबांनी त्याला विचारलं, "गाडीचं एवढं पसंत काय पडलं?" तो म्हणाला, सगळंच. कट्ट्यावरचे सगळे हसले, कारण त्या गाडीत पसंत पडण्यासारखं काही नव्हतं, हे आकारामलाही मान्य होतं.

दहातले सात-आठ लबाड स्वतःला फौजी म्हणवायचे. दर वेळी कार्डाचा फोटो यायचा, दर वेळी आबांचा चेहरा तापायचा. काहींना त्यांनी अशा शिव्या दिल्या, की दूध घालायला आलेल्या बाया किटल्या तिथंच ठेवून लांब जाऊन उभ्या राहिल्या. शेवटी एक दिवस ते मला म्हणाले, अक्षर बरं असलेलं माणूस तू एकटीच आहेस, संस्थेच्या फळ्यावर लिही. मी खडूनं लिहिलं. पैसे घ्यायला पिन लागत नाही. वस्तू न बघता घेणारा गिऱ्हाईक नव्हे. मग आबांनी तिसरी ओळ सांगितली, "फौजी म्हटला की फोन ठेवा." माझा हात थांबला. वीस वर्षं नोकरी केलेला माणूस हे सांगत होता. "लिव्ह," ते दुसरीकडं बघत म्हणाले. दोन वर्षं तो फळा कुणी पुसला नाही आणि दोन वर्षांत गावातल्या एकाही माणसाचे पैसे गेले नाहीत. आमच्या शाळेच्या मीटिंगमध्ये मी ही गोष्ट इतक्या वेळा सांगितली, की मुख्याध्यापकांनी मला थांबवलं.

मधल्या काळात आक्का न्हाणीत पडल्या आणि त्यांचा खुबा मोडला. ऑपरेशन झालं. हँडल फिरवलं की डोक्याची बाजू वर होते तसली दवाखान्याची लोखंडी खाट आम्ही घरी आणली आणि आक्का आठ महिने तिच्यावर होत्या. आठ महिने ते हँडल आबांनीच फिरवलं, दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही. आता आक्का काठी घेऊन कट्ट्यापर्यंत जातात आणि तिथं आबांच्या पद्धतीतल्या चुका काढतात. बऱ्या झाल्यावर त्यांचं पहिलं म्हणणं होतं, "ती खाट आधी घरातनं काढा. बघितली की पाय दुखतोय." म्हणून मी जाहिरात टाकली. नऊ हजार.

रविवारी सकाळी फोन आला तेव्हा आबा सोप्यात पेपर वाचत बसले होते. मी स्पीकर लावला. "हॅलो, ते खाटंचं बघितलं. मी फौजेत हाय, आत्ता ड्युटीवर..." आबांनी पेपरवरची नजरही न काढता हात पुढं केला, फोन घेतला आणि बंद केला. एवढं एक बटण त्यांना माझ्या मोबाइलवरचं पक्कं माहीत आहे. परत फोन आला, परत बंद केला. तिसऱ्यांदा वाजला तेव्हा आतून आक्का ओरडल्या, "अवो, एकदाचं काय ते बोला की! डोकं उठलं माझं." आबांनी फोन घेतला तो शिव्या द्यायलाच.

पण पलीकडचा माणूस आधी बोलला. "साहेब, ठेवू नगा. पैशाचं मी काय बोलतच न्हाय. नुसतं खाटंचं सांगा. हँडल डोक्याकडं हाय का पायाकडं? फोटोत दिसंना."

"पायाकडं," आबांच्या तोंडून निघून गेलं.

"रुंदी किती? आमचं दार अडीच फूट हाय. आडवी करून आत जाईल का? आणि डावीकडचा कठडा तुटलाय न्हवं? आईचा डावा पाय मोडलाय, त्याच बाजूनं उतरवाय लागतंय."

कठडा खरंच तुटला होता. मी तो सुतळीनं बांधला होता आणि सुतळी दिसू नये म्हणून फोटो काढताना वरून चादर टाकली होती. "चादर टाकली तरी कठडा लोंबतोय त्यो दिसतोय की," तो म्हणाला. "पायाला गंज बी हाय. नऊ हजार लई व्हत्यात, साहेब."

आबांनी माझ्याकडं बघितलं. मी मान खाली घातली. दोन वर्षांत फौजी म्हणवणाऱ्या एकाही माणसानं वस्तूला नाव ठेवलं नव्हतं. आबांनी खाकरून घसा साफ केला आणि हुकमी आवाजात म्हणाले, "तुझं कार्ड पाठव. फोटो काढून ह्याच नंबरवर पाठव, मग पुढचं बोलू."

मला वाटलं, आता येईल फोटो, शिक्क्यासकट.

"कार्ड न्हाय पाठवता येत, साहेब."

"का?"

"मनाई हाय."

"मग पलटण कुठली ती सांग."

"फोनवर न्हाय सांगत."

"आत्ता हायस कुठं?"

"ड्युटीवर." मग तो थांबून म्हणाला, "खाट न्हाय दिली तरी चालंल साहेब, पर ह्ये इचारू नगा."

आबा उठून उभे राहिले. सोप्यात आम्ही दोघंच होतो, फोन त्यांच्याच हातात होता, आणि तरी ते ताठ उभे राहिले. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि ते त्यांनी लपवलं नाही. दोन वर्षं खोट्या माणसांच्या तोंडून 'फौजी' हा शब्द ऐकून ऐकून त्यांना त्याचा वीट आला होता. आज कुणीतरी तो शब्द नीट वापरला होता. "नाव काय तुझं, जवान?" त्यांनी विचारलं. आवाज एकदम वेगळा होता.

त्याचं नाव शशिधर. घर कागलच्या पुढं, कर्नाटकाच्या हद्दीजवळच्या एका गावात. त्याची आई शिवम्मा गोठ्यात घसरून पडली होती. दवाखान्यातून आणल्यापासून एकोणीस दिवस ती जमिनीवर गादी टाकून होती आणि तिला उठवता-बसवताना त्याच्या बायकोची, दानेश्वरीची, पाठ धरली होती. त्याला रजा मिळायला अजून महिना होता. "पैसे आधी पाठवतो, साहेब, तुमी फकस्त खाट..." तो म्हणू लागला.

"एक पै आधी पाठवायची न्हाय," आबा गरजले. "खाट आमी घिऊन येतो. तुझी आई तिच्यावर निजल, नावं ठिवंल, मग पैशाचं बघू."

फोन बंद झाल्यावर मी फणकारले. माझे चौदा हजार गेलेत, मला भीती वाटणारच. "आबा, हा नवा डाव नसेल कशावरून? कार्ड पाठवलं की आपण ओळखतो, हे आता त्यांनाही कळलं असेल. तुमच्याच फळ्यावर लिहिलंय, फौजी म्हटला की फोन ठेवा."

दिवस कलल्यावर आबा टोपी घालून कट्ट्यावर गेले. मी मागोमाग गेले. संध्याकाळच्या दुधाची वेळ झाली होती, माणसं जमली होती. आबांनी खांद्यावरचा टॉवेल काढला आणि फळ्यावरची तिसरी ओळ पुसून टाकली. "ही वळ चुकीची व्हती," ते मोठ्यानं म्हणाले. "मीच लिव्हाय लावली. चुकलो. आज सकाळी एका खऱ्या पोराचा फोन मी दोनदा ठेवला. असं किती जणांचं ठेवलं असत्याल, मला ठावं न्हाय."

आकाराम किटली घेऊन उभा होता. तो म्हणाला, "आबा, जाऊन तरी या आधी. तिथं घरच नसलं म्हणजे? तुमालाच गंडवलं असं व्हायचं. मग आमी कुणाकडं फोन आणायचा?" चारजण हसले. आबा म्हणाले, "जाऊन आल्यावर पुसलं तर त्यात काय हाय? आणि तुझा टेम्पो लागंल उद्या." मला त्या क्षणी त्यांचा जेवढा अभिमान वाटला तेवढा त्यांच्या मेडलांचा कधी वाटला नाही. आणि भीतीही वाटली. सगळ्या गावाचा त्यांच्यावर जो विश्वास होता तो आता त्या गंजक्या खाटेवर बसला होता, आणि खाट जायची होती कुणी न बघितलेल्या एका म्हातारीकडं.

दुसऱ्या दिवशी मी रजा टाकली. आकारामच्या छोट्या हत्तीत मागं खाट, पुढं आम्ही तिघं. कठडा आबांनी सकाळीच वेल्डिंग करून आणला होता. कागलमध्ये चहाला थांबलो तेव्हा मी शशिधरला फोन लावला. बंद. पुढच्या वळणावर परत लावला. बंद. आकाराम गाणं गुणगुणायला लागला. "ड्युटीवर फोन जमा कराय लागतोय," आबा म्हणाले. पण त्यांनी मुठी आवळल्या होत्या, आणि मी त्यांच्याकडं बघायचं टाळत होते.

गावात शिरल्यावर आकारामनं डेअरीसमोर टेम्पो लावला आणि खिडकीतून डोकं काढून विचारलं, "फौजी शशिधरचं घर कुठं ओ?" उंबऱ्यावर बसलेला म्हातारा आम्हाला पायापासून डोक्यापर्यंत बघत म्हणाला, "शिवम्माचं व्हय? त्या पिंपळाम्होरं." आबांनी श्वास सोडला तो मला ऐकू आला. आकाराम गाणं म्हणायचा थांबला.

दार उघडलं ते दानेश्वरीनं. कडेवर एक पोर, हाताला एक. आम्ही खाट आणलीय म्हटल्यावर ती उंबऱ्यात आडवी उभी राहिली. "कोण तुमी? ह्यांनी सांगितलंय, आगाऊ पैसे मागणाऱ्याला आत घ्यायचं न्हाय."

"आगाऊ न्हाय मागत, पोरी," आबा म्हणाले. "चार दिस वापर, मग दे."

"चार दिसांनी द्या म्हणणारा बी लबाड असतोय. आमच्या गल्लीत असाच एक मिक्सर देऊन गेलता, आतनं जळका. आधी तिथंच टेम्पोत हँडल फिरवून दावा."

आबा टेम्पोवर चढले आणि भर रस्त्यात त्यांनी हँडल फिरवून दाखवलं. खाटेचं डोकं वर, खाटेचं डोकं खाली. गल्लीतली पोरं जमली. दानेश्वरीनं कठडा हलवून बघितला, वेल्डिंगवर बोट फिरवलं आणि मगच बाजूला झाली. "हिला आपल्या कट्ट्यावर बसवाय पायजे," आबा माझ्या कानात म्हणाले. इतकं खूष झालेलं मी त्यांना शार्दूलच्या लग्नातसुद्धा बघितलं नव्हतं, आणि ते लग्न माझंच होतं.

दार अडीच फूटच होतं. खाट आडवी करून, दोनदा भिंत खरवडून आत गेली. शिवम्मा कोपऱ्यात जमिनीवर पडून होती. पंचाहत्तरी ओलांडलेली, कपाळावर विभूती, अंग सुकलेलं पण डोळे तिखट. आबा आणि आकारामनं तिला गादीसकट उचलून खाटेवर ठेवलं. ती पहिलं वाक्य बोलली ते असं, "किती उंच आणलीय ही! पडून मेलो तर?"

मग सुरूच झाली. हँडल किर्र वाजतंय. लोखंड गार लागतंय. रंग दवाखान्यासारखा आहे. नऊ हजारांत दोन शेळ्या येतात. "सहा देतो," ती म्हणाली. आबा म्हणाले आठ. ती म्हणाली, तुमच्या तोंडाकडं बघून साडेसहा. आबांचा चेहरा फुलला होता. त्यांना फुकट द्यायला जमलं असतं, पण त्या बाईला फुकट घ्यायला जमलं नसतं, हे त्यांनी ओळखलं होतं. सात हजारांवर ठरलं. दानेश्वरीनं मोबाइलवरून पैसे टाकले. पिन तिनंच टाकला, मी टाकला नाही ना, हे आबांनी वाकून बघितलं.

आकाराम टेम्पोकडं गेला. जाताना म्हणाला, "आबा, कट्ट्यावर मी सांगतो सगळ्यास्नी. तुमी काय बोलू नगा." आबांनी नुसती मान हलवली. ते खाटेच्या पायाशी बसले होते आणि आठ महिन्यांच्या सवयीनं हँडल हळूहळू फिरवत होते. शिवम्माचं डोकं वर वर आलं आणि एका ठिकाणी ती "बास, बास" म्हणाली. तिथून तिला दारातून बाहेरचं दिसत होतं. अंगण, गोठा, पिंपळाखाली खेळणाऱ्या तिच्या नाती. वीस दिवस तिनं फक्त छत बघितलं होतं. ती बघत राहिली आणि नावं ठेवायची थांबली.

मग तिनं विचारलं, "तुमी बी फौजेत व्हतासा म्हणं?"

"व्हय, अव्वा," आबा तिकडच्या बोलीत तिला आई म्हणाले. "वीस वर्षं."

"मग तुमच्या आईचं कोण बघत हुतं?"

आबांचा हात हँडलवर तसाच राहिला. "गावातल्यांनी बघितलं. ती पडली तवा मी बर्फात व्हतो, रस्ता बंद. ती गेल्याची तार मिळाली तीच बाराव्या दिशी. मी पोचलो न्हाय."

बारा वर्षं मी त्या घरात सून आहे. हे मी पहिल्यांदा ऐकत होते. दानेश्वरी भांडी घासता घासता थांबली होती.

शिवम्मानं हात लांब केला. आबांचा हात तिला लगेच सापडेना, तेव्हा तेच पुढं सरकले. तिनं तो हात आपल्या दोन्ही हातांत धरला आणि आत्तापर्यंत भांडत होती त्याच खणखणीत आवाजात, धाकट्या भावाला हाक मारावी तशी म्हणाली, "आता पोचलास की, तम्मा."